काठाखालची तार

दिवाळी अंकासाठी लिहावयाचे म्हटले की आमच्यासारख्या रूक्ष विषयाच्या लेखकाची थोडी पंचाईतच होते. कथा, कविता आणि व्यंगचित्रे यांच्या पक्वान्नांमधून वाचक आमच्या पानाकडे वळतात ते ताटातल्या लिंबाच्या लोणच्याकडे वळावे तसे. पोट भरण्यासाठी नव्हे, जरा तोंडाला चव यावी म्हणून. तेव्हा यंदाची फोडही छोटीशीच घेतली आहे. विषय आहे पोहण्याच्या तलावाचा. नेमके सांगावयाचे तर तलावाच्या पाण्याचाही नव्हे. त्याच्या काठावरच्या फरशीखाली जी एक तांब्याची तार असावी लागते, आणि पुष्कळदा नसते, तिचा.

आमच्या पिढीतील पुष्कळांनी पोहण्याचे पहिले धडे विहिरीत गिरवले. पाठीला पत्र्याचा डबा किंवा सुकवलेला भोपळा बांधायचा आणि मामाने मागून ढकलून द्यायचे, ही त्या काळची शिक्षणपद्धती. तिच्यात धोके कमी नव्हते. परंतु विहिरीवर रहाट असे, मोट असे, वीज नसे. आज पुण्या-ठाण्याकडच्या मोठ्या गृहसंकुलांत तलाव ही जिन्यासारखीच गृहीत धरलेली सोय झाली आहे. त्या तलावाभोवती नजर टाका. पाणी फिरवणारा पंप आहे, गाळणी आहे, पाण्याच्या आत दिवे आहेत, चकचकीत पोलादी शिडी आहे, कठडा आहे, अंग धुवायचा शॉवर आहे, पलीकडे बागेतले दिव्यांचे खांब आहेत. वीज आणि पाणी यांना एकमेकांपासून दूर ठेवावे असे आपण मुलांना शिकवतो, आणि मग त्याच मुलांना ती दोन्ही शेजारी नांदत असलेल्या जागी उघड्या अंगाने सोडतो.

याचा अर्थ तलाव बंद करावेत असा मुळीच नाही. व्यवस्थित बांधलेला तलाव विजेच्या दृष्टीने अगदी सुरक्षित असतो. पण तो सुरक्षित कशाने होतो, हे त्याचे देखभाल-शुल्क भरणाऱ्या माणसाला ठाऊक असावे.

आधी माणसाच्या शरीराकडे पाहू. विजेला आपल्या अंगात शिरण्यास अडवते ती मुख्यतः कातडी, आणि तीही कोरडी असेल तरच. आतले रक्त व स्नायू खारट आणि ओलसर. त्यांतून वीज सहज वाहते. कातडी भिजली की दारावरचा पहारेकरीच झोपला असे समजावे. त्यात पाय अनवाणी, फरशी ओली आणि हात धातूच्या शिडीवर! घरात कोरड्या हाताने ज्या दाबाची जाणीवही होणार नाही, तो या अवस्थेत झिणझिण्या आणतो.

किती प्रवाह किती घातक, याचा पद्धतशीर अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डालझिएल यांनी केला. स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांच्या हातात तार देऊन ते प्रवाह हळूहळू वाढवीत आणि कोणत्या टप्प्यावर माणसाला तार सोडता येईनाशी होते ते मोजीत. पुरुषांच्या बाबतीत हा आकडा सरासरी १६ मिलिअँपिअर निघाला, स्त्रियांच्या बाबतीत साडेदहा. मुलांचा त्याहून कमी धरावयाचा. एक मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. २३० व्होल्टवर जळणाऱ्या शंभर वॅटच्या साध्या दिव्यातून सुमारे ४३५ मिलिअँपिअर जातात, म्हणजे दिव्याला लागणाऱ्या विजेचा विसावा-पंचविसावा वाटाही माणसाची मूठ आवळून ठेवण्यास पुरतो. जमिनीवर मूठ आवळली तर माणूस ओरडू तरी शकतो. पाण्यात हातपाय आखडले तर तो मुकाट्याने बुडतो, आणि पाहणाऱ्यांना वाटते की त्याला पोहता येत नव्हते.

आता मुख्य मुद्दा. वीज माणसाला इजा करते ती विजेच्या पातळीमुळे नव्हे, पातळीतील फरकामुळे. उघड्या तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, एकाच पातळीवर असतात. उलट पावसाळ्याच्या तोंडी झाडावर वीज पडली की झाडाखाली बांधलेली गुरे दगावतात. वीज त्यांना शिवलेलीही नसते. ती झाडातून जमिनीत उतरते, जमिनीत पसरत जाते, आणि गाईच्या पुढच्या पायाखालची जमीन व मागच्या पायाखालची जमीन या दोन वेगवेगळ्या पातळीवर येतात. तो फरक गाईच्या अंगातून वाट काढतो.

कोकणातल्या वाचकाला एका वाक्यात सांगायचे तर असे, की होडीत बसलेल्या माणसाला भरतीचा त्रास होत नाही. होडी चढते, तोही चढतो. एक पाय होडीत आणि एक पाय धक्क्यावर ठेवणाऱ्याची मात्र तारांबळ उडते. तलावाच्या शिडीवर हात आणि काठावर पाय ठेवणारे मूल हे विजेच्या हिशेबाने असेच दोन ठिकाणी उभे असते. शिडी आणि काठ एकाच होडीत आहेत की नाहीत, एवढाच प्रश्न.

या दोन्हींना, आणि तलावाच्या भिंतीतल्या सळ्या, पंपाचे धड, कठडा, शॉवरचा नळ, दिव्यांची धातूची घरे, एवढेच नव्हे तर पाण्यालाही, एकमेकांशी तांब्याने जोडून एकाच होडीत बसवणे, याला वीजतंत्री बॉन्डिंग म्हणतात. पुस्तकी मराठीत समविभव जोडणी म्हणता येईल. हे नाव ऐकले की बहुतेकांची प्रतिक्रिया ठरलेली असते : ‘म्हणजे अर्थिंगच ना? ते आम्ही केले आहे.’

तर ते तेच नव्हे. दोन्ही कामे तांब्याने होतात, दोन्ही एकमेकांना जोडलेलीही असतात. पण हेतू निराळे. अर्थिंग म्हणजे बिघडलेल्या उपकरणातून निसटलेल्या विजेला परतीची इतकी मोकळी वाट करून देणे की प्रवाह वाढून फ्यूज उडावा किंवा ब्रेकर पडावा. बॉन्डिंग कोणाला पळवून लावीत नाही, काही तोडीत नाही. माणसाच्या हातापायांच्या टप्प्यात येणाऱ्या सगळ्या वस्तूंची पातळी ते सारखी ठेवते. बाहेरून काही आलेच तर सगळे एकदम वर आणि एकदम खाली.

हा भेद किती खरा आहे ते अमेरिकेच्या नियमांवरून दिसते. तेथे मध्यमवर्गाच्या घरामागच्या अंगणातही तलाव असतो, त्यामुळे या प्रश्नाशी त्यांची गाठ लवकर पडली. तेथील ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’ ही नियमावली १८९७ पासून निघते आणि हल्ली दर तीन वर्षांनी सुधारली जाते. तिच्यात तलावांसाठी ६८० क्रमांकाचे स्वतंत्र कलम १९६२ च्या आवृत्तीत आले. त्याच सुमारास, १९६१ मध्ये, वर उल्लेखिलेल्या डालझिएलसाहेबांनी पाच मिलिअँपिअरची गळतीही ओळखून वीज तोडणारे यंत्र बनवले, आणि १९६८ च्या आवृत्तीने पाण्याखालच्या दिव्यांसाठी अशा यंत्राची गरज मांडली. आपल्या घरच्या बोर्डावर आरसीसीबी नावाचे जे बटणवाले यंत्र असते, ते याच कुळातले. आपल्याकडे माणसांच्या रक्षणासाठी ते सामान्यतः ३० मिलिअँपिअरचे बसवतात.

काठाबद्दल त्या नियमावलीचे म्हणणे थोडक्यात असे. तलावाच्या आतल्या भिंतीपासून तीन फुटांपर्यंतचा चालण्याचा भाग हा तलावाचाच भाग समजावा. काँक्रीटमध्ये उघड्या पोलादी सळ्यांची एकमेकींना बांधलेली जाळी असेल तर ती जाळी जोडणीला चालते. ती नसेल तर तांब्याची जाळी घालावी, किंवा २००८ च्या आवृत्तीपासून दिलेल्या पर्यायाप्रमाणे आठ क्रमांकाची, म्हणजे सुमारे सव्वातीन मिलिमीटर जाडीची, उघडी भरीव तांब्याची तार भिंतीपासून १८ ते २४ इंचांवर, चार ते सहा इंच खोल, तलावाला प्रदक्षिणा घालून पुरावी आणि किमान चार ठिकाणी तलावाच्या सळ्यांना जोडावी. काठाखालची तार म्हणतो ती हीच. आणि या नियमातले एक वाक्य मला फार बोलके वाटते : ही तार दूरच्या मुख्य बोर्डापर्यंत किंवा अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत नेलीच पाहिजे असे नाही. तिचे काम तेथे नाहीच. तिचे काम काठावर आहे.

मग मुख्य स्विच बंद केला की झाले, तारेचा एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तरही अमेरिकेतच सापडते. तिकडच्या वितरणपद्धतीत परतीची न्यूट्रल तार वाटेत ठिकठिकाणी जमिनीला जोडलेली असते, त्यामुळे परतणाऱ्या विजेचा काही हिस्सा जमिनीतूनच चालतो. एखाद्या अंगणातल्या तलावाकाठी झिणझिण्या येतात, घरमालक घाबरून मुख्य स्विच पाडतो, आणि झिणझिण्या तशाच राहतात! त्याच्या घरात बिघाड नाहीच. वीज बाहेरून, जमिनीच्या वाटेने आलेली. तिला तो तोडू शकत नाही. मात्र आपला सगळा तलाव एका होडीत बसवणे त्याच्या हाती असते.

आपल्याकडची पद्धत वेगळी असली तरी जमीन तीच आणि पाणीही तेच. मागल्या एका उन्हाळ्यात मला याचा प्रत्यय आला. आमच्या नात्यातल्या एका आजींचा फोन आला. त्यांची आठ वर्षांची नात संकुलाच्या तलावावर रोज जाई आणि दोन दिवस म्हणत होती, ‘आजी, शिडी चावते.’ व्यवस्थापक समितीतील मंडळींनी तिचे बोलणे हसण्यावारी नेले. कोणी म्हणाले पाणी थंड आहे, कोणी म्हणाले क्लोरीन जास्त झाले असेल. आजींनी विजेचे शिक्षण कधी घेतलेले नव्हते. पण लहान मूल चावते असा शब्द उगाच वापरत नाही, एवढे त्यांना कळत होते. त्यांनी नातीला तलावावर पाठवणे बंद केले, खाली जाऊन बाकीच्या मुलांनाही बाहेर काढले, आणि मग मला बोलावले.

मी आणि एक अनुभवी वायरमन असे दोघे गेलो. मापनयंत्राचे एक टोक शिडीला, दुसरे ओल्या काठावर ठेवलेल्या पत्र्याला, आणि दोहोंमध्ये माणसाच्या अंगाइतका रोध. साडेतीन व्होल्ट दिसले. आकडा ऐकून खजिनदार म्हणाले, ‘एवढेच? टॉर्चच्या दोन सेलमध्ये तीन व्होल्ट असतात!’ बरोबर आहे. परंतु टॉर्चचे सेल ओल्या अंगाने, पाण्यात उभे राहून, हात आणि पाय यांच्यामध्ये कोणी धरीत नाही. शिवाय आज साडेतीन आहेत, ते पावसाळ्यात किती होतील याची हमी कोण देणार?

पंप बंद केला. आकडा हलला नाही. पाण्यातले दिवे बंद केले, तोच आकडा. शेवटी बागेतल्या दिव्यांचा स्विच पाडला आणि काटा शून्यावर आला. तलावापासून दहा-बारा पावलांवर असलेल्या एका खांबाच्या तळाशी केबलचे आवरण फाटले होते आणि वीज ओल्या मातीत झिरपत होती. मातीबरोबर काठाची पातळी चढली. शिडी मात्र तलावाच्या सळ्यांमार्फत पंपघराच्या अर्थिंगला धरून खालीच राहिली. मुलगी शिडी धरी तेव्हा तो सगळा फरक तिच्या हाती येई.

आरसीसीबी का पडला नाही, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील. तो तलावाच्या बोर्डावर होता आणि अगदी ठणठणीत होता. पण ते यंत्र फक्त आपल्या तारांमधून गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा हिशेब ठेवते. शेजारच्या दुकानातली चोरी आपल्या वहीत कशी दिसणार? बागेच्या दिव्यांवर तसे यंत्र नव्हतेच.

आणि काठाखालची तार? मूळ नकाशात ती होती. दोन वर्षांपूर्वी काठाची फरशी जुनी दिसते म्हणून ठेकेदाराकडून नवी करून घेतली, तेव्हा खालचे काँक्रीटही फोडले गेले. तार त्याबरोबर उपटली गेली आणि बहुधा भंगारात गेली. नवे काँक्रीट ओतताना ती परत घालण्याची आठवण कोणालाच झाली नाही. फरशी मात्र सुरेख होती. गुळगुळीत नसलेली, पाय न घसरणारी. समितीने ती निवडताना तीन बैठका घेतल्या होत्या.

पुढची बैठक वादळी झाली. मुलांच्या सुट्टीत तलाव बंद ठेवायचा? दोन वर्षांपूर्वीची फरशी पुन्हा फोडायची? ‘खांबाची केबल दुरुस्त केली की प्रश्न मिटला’, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. ते अर्धे खरे होते. केबल दुरुस्त झालीच पाहिजे होती, आणि ती झालीही. पण उद्या दुसरा खांब फुटेल, परवा मंडपवाला एखादी सोललेली तार मातीत सोडील. दर वेळी एखाद्या मुलीने ‘शिडी चावते’ म्हणण्याची वाट पाहावयाची काय? हे विचारले आजींनी, आणि त्या उभ्या राहून बोलल्या म्हणून सभा शांत झाली. काम मंजूर झाले. भिंतीलगतची एक पट्टी फोडून तार पुरली, चार बाजूंनी सळ्यांना जोडली, शिडीचे व कठड्याचे पाय तिला बांधले. खांबाची केबल जोडण्यापूर्वी, तलावाजवळ कोणी नाही हे पाहून, आम्ही तो सदोष दिवा दोन मिनिटे पुन्हा चालू केला आणि तेथेच मोजले. वीज मातीत पूर्वीसारखीच झिरपत होती. पण शिडी आणि काठ यांच्यातला फरक जवळजवळ नाहीसा झाला होता.

आता थोडे घरगुती उपयोगाचे. आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाच्या ६०३६४ या मानकात तलावांसाठी ७०२ क्रमांकाचा भाग आहे. त्यात तलावाचा आतला भाग हा पहिला कक्ष, काठापासून दोन मीटरपर्यंतचा दुसरा, आणि त्यापुढे दीड मीटरचा तिसरा असे धरले आहे. पाण्यातल्या उपकरणांना १२ व्होल्टहून अधिक दाबाची उलटसुलट वीज द्यावयाची नाही, आणि या कक्षांमधील धातूचे सगळे भाग एकमेकांना बांधावयाचे. आपल्याकडे वायरिंगसाठी आयएस ७३२ आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ही भारतीय मानके आहेत. संकुलाच्या ठेकेदाराने या दोहोंची नावे ऐकून आश्चर्य दाखवले, तर काम दुसऱ्याला द्यावे हे बरे.

साडेतीन मीटर हा आकडा गृहिणींनीही लक्षात ठेवावा, विशेषतः या आठवड्यात. तलावाच्या कठड्यावर विजेच्या दिव्यांच्या माळा गुंडाळण्याची हौस हल्ली वाढली आहे. माळेचे आवरण पातळ, जोड चिकटपट्टीचा आणि कठडा धातूचा. ही तिन्ही पाण्याजवळ एकत्र येऊ देऊ नयेत. पाण्याकाठी रोषणाई हवीच असेल तर पणत्या लावाव्यात. त्या वाऱ्याने विझतील, एवढेच.

तलावावर जाणाऱ्या मुलांना एक गोष्ट शिकवून ठेवावी. पाण्यात किंवा शिडीजवळ झिणझिण्या आल्या तर लाजू नये, सहन करू नये. शिडी व दिवे यांपासून दूर जावे, धातूला न धरता काठावरून बाहेर यावे आणि ताबडतोब मोठ्यांना सांगावे. मोठ्यांनीही कोणी पाण्यात आखडलेला दिसला तर त्याच्यामागे उडी टाकू नये. उडी टाकणाराही तसाच आखडतो. आधी वीज तोडावी, कोरडी दोरी किंवा तरंगते कडे फेकावे आणि मदत बोलवावी. धीर सुटण्याच्या वेळी हा क्रम आठवणे कठीण असते, म्हणून तो आताच घरात बोलून ठेवावा.

आणि संकुलाच्या सभेत तीन प्रश्न विचारावेत. काठाखाली जोडणीची तार किंवा जाळी आहे काय? ती शिडीपासून पंपापर्यंत सलग आहे हे शेवटचे केव्हा मोजले, आणि तो कागद कोठे आहे? बागेच्या दिव्यांवर गळती पकडणारे यंत्र आहे काय? काठ नव्याने करावयाचा असेल तर चौथा प्रश्नही विचारावा : काँक्रीट ओतण्यापूर्वी तारेची छायाचित्रे काढून दप्तरी ठेवणार ना? एकदा काँक्रीट पडले की ती तार पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ठेकेदाराच्या बिलात तिची रक्कम फरशीपेक्षा पुष्कळ लहान असते, आणि काटछाट करावयाची वेळ आली की लहान रकमेवरच प्रथम पेन्सिल फिरते. त्या वेळी सभेत हात वर करणारा एक तरी सभासद हवा. तो या पानाचा वाचक निघाला तर मला आनंद होईल.

दिवाळी सर्वांना सुखाची आणि उजेडाची जावो.